पडद्याच्या पाठीमागून पाहिलेले मरण

आमच्या कडा गावात सध्या माझ्या जुन्या घरमालकांविषयी दोन असत्ये एकाच वेळी नांदत आहेत. पहिले शाळेच्या स्मरणिकेत छापले गेले. तिच्यात त्यांचा उल्लेख ‘मूकपटांच्या काळातील गाजलेले नायक’ असा केला आहे. दुसरे असत्य बाजीराव आण्णांच्या नातवाने गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकले. त्याच्या मते हे गृहस्थ पडद्यावर कधी आलेच नाहीत. मुंबईत कुठेतरी घोडे धुऊन परत आले आणि उरलेला जन्म त्यांनी गावाला थापा मारण्यात घालवला. नातवाजवळ दोन पुरावे आहेत. एक, सिनेमाच्या तंबूत त्यांच्या बायकोनेच सगळ्यांच्या देखत ‘हा माझा नवरा नव्हे’ असे सांगितले. दुसरा, पुढे बाजाराच्या दिवशी त्यांनी स्वतः चारचौघांत ते कबूल केले.

दोन्ही पुरावे खरे आहेत. दोन्ही वेळा मी तिथे हजर होतो. नातवाचा तेव्हा जन्म झालेला नव्हता आणि स्मरणिकेच्या संपादकांच्या वडिलांचे लग्न व्हायचे होते. पुरावा खरा असूनही त्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा ठरू शकतो, हे मी उभ्या नोकरीत विज्ञानाच्या तासाला मुलांना सांगत आलो. त्या मुलांत नातवाचे वडीलही होते. त्यांच्या कानांवरून ते गेले असावे.

आधी नायकाचा निकाल लावतो. ते नायक कधीही नव्हते, आणि हा शब्द ऐकला असता तर त्यांनी स्मरणिका परत केली असती. ‘नायकाचं काय गुरुजी,’ ते म्हणत, ‘त्याला फकस्त दिसायचं असतंय. काम बाकीच्यांनी करायचं.’ ते बाकीच्यांपैकी होते. मूकपटांपासून बोलपटांपर्यंतच्या सगळ्या काळात ते म्हातारे होते. कधी कुणाचा बाप, कधी आंधळा गोसावी, कधी पदच्युत राजाचा इमानी चाकर. पहिल्यांदा म्हातारे झाले तेव्हा त्यांची पंचविशीही उलटलेली नव्हती.

त्याचे असे झाले. तो काळ निजामाचा. नगरची हद्द ओलांडली की इंग्रजांचे राज्य लागे. मुंबईच्या एका फिल्म कंपनीने लढाईच्या चित्रपटासाठी नगरच्या बाजारातून घोडे घेतले आणि ते पोचवायला जी माणसे गेली त्यांत हे होते. काम संपल्यावर घोडे परत आले. हे आले नाहीत. ‘घोडं माघारी आलं अन् म्या ऱ्हायलो,’ ते सांगत, ‘म्हणून गावाला अजून घोड्याचंच कवतिक हाय.’ म्हाताऱ्याचे काम करणारा नट तापाने आडवा झाला होता आणि दिग्दर्शकाला त्या दिवसाचे ऊन वाया घालवायचे नव्हते. त्याने या घोड्यामागच्या पोराला उभे केले, डिंकाने बकरीच्या केसांची दाढी चिकटवली आणि चालून दाखव म्हणाला. हे गावातल्या एका म्हाताऱ्यासारखे चालले. ती दाढी पुढे वीसेक वर्षे उतरली नाही.

मी हायस्कुलात रुजू झालो तेव्हा मला कोणी खोली देईना. बिनलग्नाच्या तरुण मास्तराविषयी गावाची जी मते असतात ती होतीच. या गृहस्थांनी मला आपल्या दारात उभे करून एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून न्याहाळले. ‘चेहरा साधा हाय. ऱ्हावा,’ असे म्हणून त्यांनी मला माळवदाच्या घराचे एक दालन दिले. दुसऱ्यात ते आणि त्यांच्या पत्नी राहत; त्यांना मी मावशी म्हणे. मधली भिंत छतापर्यंत पोचत नव्हती, त्यामुळे दोन्ही संसारांचे आवाज इकडून तिकडे मोकळेपणाने जात. गाव त्यांना ‘कंपनीवाले’ म्हणे. म्हणण्यात आदर किती आणि टवाळी किती, हे म्हणणाऱ्यावर अवलंबून असे.

तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. अंगाने उंच, पाठीने ताठ आणि गालांनी इतके गुळगुळीत की गावातली लहान पोरे हात लावून बघत. दिवसातून दोनदा ते दाढी करीत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दाढ्या वागवल्यावर स्वतःची ठेवण्याची त्यांना इच्छा उरली नव्हती. डिंकाने गालांची कातडी जागोजागी पांढरी पडली होती आणि ते डाग ते जखमा दाखवणाऱ्या शिपायाच्या अभिमानाने दाखवीत.

त्यांच्या सवयींबद्दल गावात पुष्कळ खोटेनाटे सांगितले जाते. ते बाईसारखे रंग लावून झोपत, हे साफ खोटे. ते बोलताबोलता मध्येच गप्प होत, हे खरे. पण ते वेडामुळे, हे पुन्हा खोटे. जुन्या काळी चित्रीकरण उन्हात होई. सूर्यावर ढग आला की सगळे जिथल्या तिथे थांबत आणि ढग सरकला की तिथूनच पुढे सुरू करीत. ही शिस्त त्यांच्या हाडांत मुरली होती. उघड्यावर बोलत असताना ऊन गेले की त्यांचे वाक्य अर्ध्यावर राहायचे. एकदा शेजाऱ्याला ते वैद्याचा उपाय सांगत होते. ‘दोन दिस काई खायचं न्हाई, अन् तिसऱ्या दिशी...’ एवढ्यात ढग आला. ‘तिसऱ्या दिशी काय?’ शेजारी पोट धरून ओरडला. यांनी बोट वर केले. ‘ऊन येऊ द्या.’ आमचा तालुका ढगांच्या बाबतीत दरिद्री असल्यामुळे या सवयीने कोणाचे फारसे नुकसान झाले नाही.

कुणाच्या घरी दुःखाला भेटायला गेले आणि आपले आत येणे मनासारखे जमले नाही असे वाटले, तर ते उठून बाहेर जात आणि पुन्हा आत येत. घरच्यांना याचे काही वाटत नसे. दुसऱ्या खेपेला बायकांना जास्त रडू येई, ही वस्तुस्थिती आहे.

परंतु त्यांचा खरा अधिकार म्हातारपणावर होता. गावातल्या म्हाताऱ्यांची म्हातारपणे त्यांना आवडत नसत. आमच्या शेजारचे आजोबा एकदा ओट्यासमोरून चालले होते. यांनी त्यांना थांबवले.

‘आजा, ती काठी कावून धरलीय?’

‘चालाया. अजून कावून?’

‘मंग तिच्यावर भार टाका की. तुमी तं तिला फिरायला न्यायलाव.’

‘तुला काय करायचंय बे? म्हातारपन माझं हाय का तुझं?’

‘तुमचं हाय, पर बघायलो आमी. पाठ आधी वाकत न्हाई, आजा. आधी मान जाते. मानेनं एकदा खाली बघितलं की पाठ आपसुक तिच्या मागं येती. तुमचं समदं एकदमच खाली आलंय.’

आजोबांनी काठी उगारली. ती मात्र त्यांनी उत्तम उगारली, असे यांनी नंतर मला सांगितले. स्वतःच्या म्हातारपणावरही ते खूश नव्हते. ‘जमंना गुरुजी,’ ते खेदाने म्हणत, ‘एवढी वर्सं केलं. आता खरं आलं, तं नकली वाटायलंय.’

बोलपट आले आणि त्यांचे तोंड बंद झाले. त्यांची भाषा आमच्या मुलखाची. दरबारी पोशाखातला राजगुरू ‘न्हाई महाराज, लई वंगाळ झालं’ म्हणू लागला, तर प्रेक्षक काय करतील हे दिग्दर्शकाने ताडले. पण असा चेहरा आणि असे चालणे सोडवतही नव्हते. मग त्यांना मरणाऱ्यांची कामे मिळू लागली. मरताना भाषा लागत नाही. नायिकेचा बाप बातमी ऐकतो, छातीवर हात ठेवतो, खाटेवर टेकतो आणि जातो. यांनी किती वेळा प्राण सोडला याची मोजदाद त्यांच्याकडे नव्हती, पण एकही मरण दुसऱ्यासारखे केले नाही, असे ते शपथेवर सांगत. ‘मानूस जगतो समद्यांवानी, गुरुजी. मरताना तरी त्याला त्याचं सोताचं पायजे.’

हे सगळे ते मला सांगत. मी ऐकत असे, गाव ऐकून हसत असे. मावशी ना ऐकत, ना हसत.

मावशींविषयी नीट सांगितले पाहिजे, कारण या कथनात खरा प्रश्न त्यांचाच आहे. नवरा घोडे पोचवायला गेला तेव्हा त्यांच्या लग्नाची हळद उतरायची होती. त्या थांबल्या. दिरांच्या घरात राहून, त्यांच्या रानात राबून थांबल्या. नवरा वर्षा-दोन वर्षांनी चार दिवस येई आणि परत जाई. मूलबाळ झाले नाही. ‘तिकडं दुसरं घर असल,’ असे बायका तोंडावर म्हणत. मावशी उत्तर देत नसत. शेवटी नवरा कायमचा परत आला, तेव्हा त्यांनी पाय धुवायला पाणी दिले आणि जेवायला वाढले. तिकडच्या वर्षांविषयी त्यांनी एक अक्षरही विचारले नाही, तेव्हाही नाही आणि मी तिथे राहत होतो त्या काळातही नाही. ते आपण होऊन काही सांगू लागले, की त्या चुलीतले लाकूड पुढे सारायला उठत.

एकदा मात्र त्या मला म्हणाल्या होत्या, ‘गुरुजी, मानूस वीस वर्सं घोडे धुवायला लांब ऱ्हायला, ह्ये सोसतंय. पर फिलमीत व्हतो म्हनतो. मंग ती फिलीम मला एकदाबी कावून दिसली न्हाई?’

प्रश्न रास्त होता. मावशी काही सिनेमाला न जाणाऱ्या बाई नव्हत्या. जत्रेत तंबू आला की बायकांबरोबर त्या दरसाल जात. पण आमच्या भागात येणाऱ्या फिती गावोगाव फिरून झिजलेल्या असत. तुटल्या की तुटका भाग काढून उरलेले तुकडे जोडत, आणि बापाच्या मरणाचा भाग गेला तर कोणी तक्रार करीत नसे. गाण्याचा गेला तर खुर्च्या मोडत. यांचा एक चित्रपट पूर्वी कड्याला आला होता. त्यात नायिका एका प्रसंगात बापाला औषध देते आणि पुढच्याच प्रसंगात त्याच्या नावाने दिवा लावते. मधले त्यांचे सगळे काम कुठल्याशा गावी गळून पडले होते. त्या दिवसापासून बाजीराव आण्णांची जीभ सुटली. आण्णा मोठे बागायतदार, गावचे पुढारी. ते हसले की गाव हसे. ‘काय कंपनीवाले, दिव्यात व्हते का तुमी? का वातीत?’

घरमालकांना गावाच्या हसण्याचे सोयरसुतक नव्हते. त्यांना एकाच माणसाने पाहायला हवे होते. वीस वर्षे आपण हिला टाकून जे करायला गेलो ते निदान खरे होते, एवढे तिला कळावे, ही त्यांची म्हातारपणची एकमेव इच्छा होती. ती त्यांनी मला सांगितली, तेव्हा स्वच्छ ऊन होते आणि तरीही वाक्य त्यांना पुरे करता आले नाही.

आणि मग शब्बीरभाई आले. शब्बीरभाई आष्टीचे मिस्त्री. एरवी इंजिने दुरुस्त करीत आणि जत्रांच्या दिवसांत एका फिरत्या तंबूबरोबर यंत्र चालवीत. ते सायकल टाकून थेट ओट्यावर चढले.

‘चाचा, मुबारक! माजलगावला तुमी काल मेले!’

घरमालक उभे राहिले. ‘कसा मेलो?’

‘खाटेवर. दाढी लंबी, छाती तक. हात असा खाली पडला.’ शब्बीरभाईंनी आपला डावा हात ओट्यावरून खाली सोडला. ‘करंगळी आधी. मी म्हणलं, अरे, ही तर आपल्या चाचाची करंगळी!’

त्यांच्या डाव्या हाताची करंगळी लहानपणी कडबा तोडताना अर्धी गेली होती. दिग्दर्शकाला तो थोटा हात आवडे. मरताना तोच खाटेखाली लोंबत ठेवायला तो सांगे.

‘कापलं तं न्हाई ना कुनी?’

‘अख्खा हाय, चाचा. मी आपल्या हातानं जोडलाय. आता कड्याला आणायलो.’

तंबू लागला त्या दिवशी घरमालकांनी तीनदा दाढी केली. मावशी बायकांबरोबर निघाल्या तेव्हा त्यांनी दारात त्यांना अडवले. ‘ऐक की. तोंड वळकू येनार न्हाई, दाढी हाय. हात बघ. डावा हात. खाटेवरून खाली येतो, तवा करंगळी बघ.’

‘बघते,’ मावशी म्हणाल्या, आणि गेल्या.

आजच्या पोरांना आता मी जे सांगणार ते पटणार नाही. नातवालाही पटले नाही. आमच्या तंबूत पडदा एका टोकाला नसे. तो मधोमध टांगत. एका बाजूला यंत्र आणि पुरुष बसत, आणि पडद्याच्या पाठीमागे बायका. पडदा पातळ कापडाचा, त्यावर खेळाआधी पाणी शिंपडत, म्हणजे चित्र आरपार दिसे. अर्थात पाठीमागून ते उलटे दिसे. आमच्या बाजूचा डावा हात त्यांच्या बाजूला उजवा.

दिवेलागणीला पहिला खेळ सुरू झाला. मी आणि घरमालक पुरुषांत, यंत्राजवळ बसलो होतो. पुढच्या सतरंजीवर बाजीराव आण्णा तक्क्याला टेकून होते. आणि तो प्रसंग आला. नायिकेचा म्हातारा बाप अंगणातून आत येतो. मुलगा आता परत येणार नाही, हे त्याला कोणीतरी सांगितलेले आहे. तो काही बोलत नाही. खाटेपर्यंत चालत जातो. मी त्याआधी आणि त्यानंतर पुष्कळ नट पाहिले. त्या चालण्याची बरोबरी मला कुठे आढळली नाही. प्रथम मान गेली, मग पाठ. तो खाटेवर बसला, आडवा झाला, छपराकडे पाहत राहिला आणि डावा हात हळूच खाटेवरून खाली आला. बाजीराव आण्णांनी फेट्याच्या शेवाने डोळे पुसले. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. त्यांच्या नातवाने हेही आपल्या गटावर टाकावे.

यंत्र एकच असल्यामुळे दर रिळानंतर खेळ थांबे. नेमके तिथे रीळ संपले. शब्बीरभाईंनी बत्ती मोठी केली. त्या शांततेत पडद्यामागे आधी बायकांचा गलका उठला, कोणाचे तरी रडणे ऐकू आले, आणि त्यावर मावशींचा आवाज. इतक्या मोठ्याने त्या कधी बोललेल्या मी ऐकल्या नव्हत्या.

‘त्यो न्हवं! आमच्या मालकाचं डाव्या हाताचं बोट तुटलंय. ह्याचं उजव्या हाताचं हाय. कुनी दुसराच मेलाय त्यो!’

सगळा तंबू हसला. बाजीराव आण्णांनी ओले डोळे घेऊनच मागे वळून पाहिले. ‘घ्या कंपनीवाले! आता तं घरातूनच साक्ष निघाली!’

घरमालक उठून बाहेर गेले. मीही त्यांच्या मागे गेलो. वाटेत ते एवढेच म्हणाले, ‘हात तिला सांगायला नको व्हता. म्याच सांगितला. तिकडून उलटा दिसतो, ह्ये ध्यानातच आलं न्हाई माझ्या.’

आमचे चित्रकलेचे निवृत्त सहकारी हीच हकीगत आजही इथपर्यंतच सांगतात आणि ‘बिचाऱ्या अडाणी बाईची फसगत झाली’ असा समारोप करतात. त्यांचा हेतू चांगला आहे; घरमालकांना ते खोटे ठरवत नाहीत. पण हे तिसरे असत्य आहे, आणि मला पहिल्या दोहोंपेक्षा याचा राग अधिक येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे आरसा घेऊन चुलीपुढे गेलो. आरसा मी धरला होता, कारण प्रकाशाचे परावर्तन हा माझा विषय. मावशी भाकरी थापत होत्या. घरमालकांनी आरशासमोर डावा हात धरला.

‘मावशी, आरशात पाहा,’ मी सुरुवात केली. ‘काका डावा हात दाखवत आहेत, पण आतला माणूस...’

‘उजवा दाखवायलाय,’ मावशी म्हणाल्या. भाकरी त्यांनी तव्यावर टाकली. ‘मंग?’

‘म्हणजे काल तुम्हांला पडद्यामागून...’

‘गुरुजी, मला काय खुळी समजलाव का? दरसाल बघते म्या पडद्यामागून. तिकडून समद्या बायांचा पदर उजव्या खांद्यावर असतोय, पंगतीत मानसं डाव्या हातानं जेवत्यात. ल्हान पोरीबी हसत्यात त्याला.’

मी आरसा खाली केला. घरमालक चुलीसमोर बसले.

‘मंग तू वळखलंस?’

‘न वळखायला काय झालं? खाटंवर पाय घ्यायच्या आधी एकावर एक घासायची खोड हाय ती कुनाची? दाढी लावा न्हाई तं जटा लावा. हात खाली यायच्या लई आधी वळखलं म्या.’

‘मंग न्हाई कावून म्हनलीस भर तंबूत?’

मावशींनी भाकरी उलटली. त्या बोलल्या तेव्हा आवाज पार खाली आला होता. ‘तुमी मेलाव तिथं. माझ्या डोळ्यांम्होरं. समद्या बाया माझ्याकडं बघायल्या. शेजारणीनं तं “गेला गं तुझा मालक” म्हनून गळ्यात हात टाकले अन् रडायला लागली. माझं मनगट धरलं तिनं, बांगड्यांवर. हिकडं तुमी जिते, अन् म्या काय म्हनू? हो, त्योच माझा, मेला म्हनू? कपाळाला कुकू लावून? एकदा तोंडातून गेलं तं गेलं. म्हनून हाताचं निमित केलं. कुनी मेला असल त्यो मेला. माझा न्हाई मेला.’

चुलीवर भाकरी फुगली आणि फुटली. कोणी ती उतरवली नाही. मी आरसा काखेत धरून माझ्या दालनात परतलो. परावर्तनाविषयी त्या घरात पुढे मी बोललो नाही.

आता दुसरा पुरावा, म्हणजे त्यांचा कबुलीजबाब. तो पुढच्याच बाजाराला झाला. चहाच्या हॉटेलाबाहेर बाकावर आम्ही बसलो होतो. बाजीराव आण्णा माणसे घेऊन आले. समोर मिरच्यांच्या ढिगापाशी मावशी वाकल्या होत्या. आण्णांनी त्यांना पाहिले होते, यात मला शंका नाही.

‘कंपनीवाले, आता एकदा खरं सांगून टाका बे. त्या फिलमीत कोन मेलं?’

मी उठणार होतो. पडदा, कापड, पाणी, आरसा, सगळे माझ्या ओठांवर होते. घरमालकांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला खाली बसवले. मावशींचा हात मिरच्यांत थांबला होता.

‘कुनी का मेला असंना, आण्णा,’ ते म्हणाले. ‘म्या न्हवं.’

‘मंग तिथं काय करीत व्हते एवढी वर्सं?’

‘घोडे,’ ते म्हणाले. ‘घोडे धुवायचो.’

बाजार हसला. कोणीतरी शिट्टी मारली. आण्णांनी सगळ्यांना चहा सांगितला आणि यांनाही दिला. यांनी तो घेतला. मावशींनी मिरच्या पदरात बांधल्या आणि मान खाली घालून त्या घराकडे निघाल्या.

वाटेत मी त्यांच्यावर भडकलो. आयुष्यभराचे काम असे एका चहावर का टाकून दिलेत, असे विचारले. ते शांत होते. ‘गुरुजी, तिनं न्हाई म्हनलंय समद्यांच्या देखत. आता म्या हाय म्हनलो, तं एक तं ती खोटी पडती, न्हाई तं तिला माझं मरन कबूल करावं लागतंय. अन् जिला कळायला पायजे व्हतं, तिला कळलं. मंग गावाला कावून सांगत बसू? आमी हाय तवर तुमीबी गप ऱ्हा.’

मी गप्प राहिलो. मावशी त्यांच्या आधी गेल्या, भरल्या कपाळाने आणि भरल्या हातांनी. त्यानंतरही कोणी विचारले की ते ‘घोडे धुवायचो’ एवढेच सांगत, आणि स्वतः गेले तेव्हा गावाने घोडे धुणाऱ्यालाच खांदा दिला. मी बदलीने माजलगावला गेलो, निवृत्त होऊन परत आलो. त्यांच्याविषयी कोणी बोलत नव्हते, तोवर मलाही बोलण्याचे कारण नव्हते. आता बोलत आहेत, छापत आहेत, म्हणून मी लिहितो. त्यांनी जिच्यासाठी वचन दिल्यासारखे मौन पाळले, तिला आता या लिहिण्याने काही अपशकुन होणार नाही.

त्या बाजाराच्या संध्याकाळविषयी एवढेच सांगायचे राहिले. मी माझ्या दालनात वह्या तपासत होतो. पलीकडे मावशींनी ताट वाढले. एरवी त्या वाढून झाले की चुलीकडे तोंड करून बसत. त्या दिवशी ताटाजवळच बसल्याचे मला बांगड्यांच्या आवाजावरून कळले. मग मावशींचा आवाज आला, नव्या नवरीने विचारावा तसा, अडखळत.

‘तिथं कंपनीत... सकाळी उठून पयलं काय करीत व्हता तुमी?’

ताट बाजूला सरकल्याचा आवाज मी ऐकला.

‘पयलं व्हय?’ ते म्हणाले, आणि सांगू लागले.